तीन गाळे

आधी पाट होता. मातीचा.
दर कार्तिकात वाडी व्हाळाला आडवा बांध घाली,
दगड, चिखल, माडाची झापं,
आणि सगुण राऊळ खांद्यावर कुदळ घेऊन
पाण्याच्या चार पावलं पुढे चालायचा.
कुणाच्या माडांना किती घटका,
ते तोंडपाठ. वही नव्हती.

मग डोंगर चिरून रेल्वे आली.
लाल चिऱ्यात चाळीस हात खोल खिंड,
आणि वर पाटाचं टोक तसंच,
वाक्य अर्धं सोडून उठलेल्या पाहुण्यासारखं.

कालव्याचा कागद त्याच्याही आधीचा.
धरणापासून बागायतीपर्यंत निळ्या पेन्सिलीची रेघ.
मी तेव्हा उपविभागात मोजणी कारकून.
रेल्वेचं पत्र मीच आवक केलं:
उद्या विजेच्या तारा येतील,
जलसेतू सव्वा मीटर उचला.
उचलला.
मग पेद्रू सोजने दुर्बिणीवरून डोळा काढला
नि म्हणाला, "सायबानू, पाणी वर चडतला कसा?"

अकरा वर्षं तीन गाळे कोरडे उभे.
खालून गाड्या गेल्या.
वर काँक्रिटच्या पन्हळीत पोरं क्रिकेट खेळली
(सरळच मारायचं, दुसरं काही शक्य नव्हतं),
कुळीथ वाळला, एक धामण राहून गेली.
"सुधारित अंदाजपत्रक"
मी इतक्यांदा लिहिलं की माझं अक्षर सुधारलं.

शेवटी वरच्या अंगाला कोसभर
कालव्याचा तळच उचलला.
वैशाखात, भर दुपारी, पाणी आलं.
मंडप दुसऱ्या दिवसासाठी घातला होता.
सगुण ऐंशीचा. हातात काठी.
काठावरून पुढे चालू लागला,
पण हे पाणी त्याला मागे टाकून गेलं,
फेस, पाचोळा, टेनिस बॉलचं एक साल घेऊन.
तो थांबला.
"पाण्याक वाट ठावक आसा," म्हणाला.
त्यात आनंद किती होता
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मधल्या गाळ्याचा सांधा गळतो.
डांबर भरतो आम्ही. गळतो.
मडगावची गाडी खिंडीत वेग कमी करते
तेव्हा कुणीतरी खिडकीबाहेर हात काढतं,
तळव्यावर दोन थेंब पडतात,
आणि ते माणूस कोरड्या आभाळाकडे बघत राहतं.
त्याला काय ठाऊक,
नेमकी त्याच वेळी डोक्यावरून
एक कुर्ली, आडवी चालत,
रूळ ओलांडून
पलीकडच्या वाडीला निघाली आहे.