दोन ओहम

वॉल्सॉलला नोव्हेंबरात चारलाच दिवा लावावा लागतो.
गाडीची डिकी उघडी, तिच्यात मी कंबरेपर्यंत,
तोंडात टॉर्च, म्हणून बोलता येत नव्हतं.
कालिंदीला तेच सोयीचं पडलं असावं.

दोन सबवूफर, बारा इंची, कुणाकडून तरी जुने घेतलेले.
प्रत्येकाच्या पोटात दोन कॉइल, कॉइल चार ओहमची.
अ‍ॅम्प्लिफायर पाठीवर बारीक अक्षरात
सांगून मोकळा झालेला :
दोनाच्या खाली मला नेऊ नका.

टेस्कोच्या बिलामागे मांडून पाहिलं.
चारही समांतर : एक.
चारही एकसर : सोळा.
आधी जोडीजोडीने एकसर, मग जोड्या समांतर : चार.
पुन्हा मांडलं, उलट्या क्रमाने. परत चार.
मिरजेच्या आयटीआयमध्ये करंबेळकर सर
असल्याच गणितावर खडू आपटायचे,
पण त्यांच्या गणितांना उत्तर असायचं.
इथे दोन हवे होते आणि दोन येतच नव्हते.

"एकवर लाव की," कालिंदी म्हणाली,
"दुकानातला काइल म्हणाला, एकवर आवाज जास्त."
खरंय. रोध कमी केला की प्रवाह वाढतो.
प्रवाह वाढला की तापतंही.
हे मी टॉर्च काढून सांगितलं,
आणि नको तेवढं लांबवलं.

"आईला तू कधी नाही म्हणाला नाहीस.
सगळे ओहम माझ्याच वाट्याला?"

मी स्क्रूड्रायव्हर हातात फिरवत राहिलो.
मग लावलं एकवर.

काय आवाज होता!
बरगड्यांत आधी, कानात नंतर.
प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मान टाकायचे,
आरशातली आख्खी गल्ली थरथरत होती,
मागची नंबरप्लेट डबड्यातल्या नाण्यांसारखी खुळखुळत होती.
मिसेस प्रिचर्डच्या पडद्याआडून कुत्रं आणि ती, दोघंही दिसली.
कालिंदी हसत होती. मीही हसलो, कबूल करतो.

तिसऱ्या मिनिटाला सगळं गप्प.
एक तांबडा दिवा.
अ‍ॅम्पला हात लावला तर इस्त्री.

थंड होईपर्यंत पुढच्या सीटांवर बसलो.
तिने आणलेल्या चिप्स एकाच कागदातून,
व्हिनेगरने भिजून मऊ पडलेल्या.
सांगितलं होतं ना, असं मी म्हणालो नाही.
म्हणावंसं वाटलं, तेव्हा एक चिप तोंडात टाकली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं,
"चार लिहिलंय, तर मीटर साडेतीन का दाखवतो?"
म्हटलं, मीटर स्वस्थ बसलेल्या कॉइलला मोजतो.
गाणं सुरू झालं की आकडा हलतच राहतो,
खर्जात एक, वर गेलं की निराळा,
खोक्यात बसवला की आणखीच निराळा.
छापलेला चार म्हणजे हाक मारण्यापुरतं नाव.

"माझ्या केलीसारखं," ती म्हणाली.
कॉलेजात तिला केली म्हणतात.
हे मला त्या दिवशी कळलं.

मग टॉर्च मी धरला.
तारांची टोकं तिने सोलली, केस विंचरल्यासारखी पिळली,
एका कॉइलचं उणं दुसऱ्याच्या अधिकाला,
मग दोन्ही वूफर शेजारी शेजारी.
मीटर लावला : तीन पूर्णांक सहा.
चार म्हणायला हरकत नाही.

आवाज आला. मघासारखा नाही.
मघाचा तो अंगावर यायचा, हा शेजारी येऊन बसला.
"निम्माच आहे," ती म्हणाली.
निम्माच होता. मी काही समजावलं नाही.

नंबरप्लेटचा एक स्क्रू काढून पाहिला, आटे गेलेले.
म्हटलं, पुढच्या रविवारी नवा बसवू.
"बघते," ती म्हणाली,
आणि आईकडे, स्टॅफर्डला निघाली.

कोपऱ्यावर गाडी वळली, दिसेनाशी झाली.
खुळखुळ तेवढी ऐकू येत राहिली थोडा वेळ.
घरात येऊन खिशात हात घातला,
तर तो स्क्रू.