शनिवारपर्यंत

सकाळी सव्वासातला कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी येतं
आणि शर्व कानांवर हात दाबून, तरीही हसत,
दोन्ही बादल्या कोपरांत अडकवून जिना उतरतो.
ओला हिरव्यात, सुका निळ्यात,
जुनी बॅटरी वेगळी, फुटकी काच वेगळी.
आमच्या रामबागेत त्याच्याइतकं चोख कुणी नाही.
गाडीवरचा कैलास म्हणतो, "भिया, तू तो इंस्पेक्टर है."
मी वरून बघते. रोज एक विचार जिभेवर येतो,
तो चहाबरोबर गिळते.

फॉर्म फ्रिजवर चिकटवलाय.
दोन चौकटी. एकीतच खूण करायची.

मोठ्या शाळेत पंधरा दिवस बसवून पाहिला.
चव्वेचाळीस मुलं, सहा पंखे, त्यातला एक कुरकुरणारा.
हा त्याच्याच खाली, कारण रिकामा बाक तोच.
तिवारी मॅडम वाईट नाहीत. त्यांना हात दोनच
आणि मार्चपर्यंत चौदा धडे.
चौथ्या दिवशी मनगटावर स्वतःच्याच दातांचे वळ घेऊन आला.
नवव्या दिवशी जेवताना म्हणाला, "इदरीस. सेव."
एवढंच. पण कुणी न विचारता म्हणाला.
इदरीस कोण, ते मी फाटकाशी उभं राहून शोधलं:
एक बुटका मुलगा, स्वतःच्या बुटाची नाडी सुटलेली,
खाली बसून ह्याची बांधत होता.

छोट्या शाळेतही पंधरा दिवस.
सात मुलं, जाड पडदे, छताला टांगलेला झोका,
भिंतीवर दिवसाची चित्रं: आधी हात धुणं, मग रंग, मग डबा.
मुळे बाई हळू बोलतात. मग थांबतात.
कुणीतरी थांबणं ही केवढी गोष्ट असते
ते मला तिथल्या बाकावर बसून कळलं.
वळ विरले. रात्री झोपू लागला.
शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं, उलट्या काजात का होईना.
आणि त्या पंधरा दिवसांत
एकही नवं नाव त्यानं घरी आणलं नाही.

नणंद उज्जैनहून फोनवर: "आपल्यासारख्यांत राहील तर सुखी राहील."
"आपल्यासारखे म्हणजे कोण, वन्सं?"
पलीकडे बराच वेळ नुसता कुकर वाजत राहिला.
विश्राम म्हणतो, जग काय झोका टांगून बसणार आहे?
खरंय त्याचं. पण जगात जायला मनगट शाबूत हवं ना.
आम्ही कुजबुजत भांडतो, ह्याला आवाज सोसत नाही म्हणून.
कुजबुजताना फार खोटं बोलता येत नाही.

मोठ्या शाळेत, पाण्याच्या टाकीशेजारी, एक खोली आहे.
दारावर पाटी: संसाधन कक्ष.
आत पंधरा ऑगस्टचे ढोल.
किल्ली क्लार्ककडे, क्लार्क रजेवर.
मी खिडकीच्या फटीतून बघितलं,
दोन छोट्या खुर्च्याही होत्या, एकीवर एक.
ह्या खोलीची चौकट फॉर्मवर नाही.

काल रात्री पेन्सिलीनं मोठ्या शाळेवर खूण केली
आणि समासात, जिथं काही लिहायचं नसतं, तिथं लिहिलं:
ढोल बाहेर काढा. किल्ली शिक्षिकेकडे द्या.
रोज दोन तास तिथं. पंख्याला तेल.
वाचून पाहिलं तर अर्ज कमी, वाण्याची यादी जास्त.
खोडरबर जवळच आहे.

आज सकाळी शर्व खाली गाडीपाशी अडून राहिला.
हातात ताकाचं पाकीट: बाहेरून कागद, आतून चंदेरी.
"हे कशात?"
कैलासनं उलटसुलट करून बघितलं.
"रहने दे भिया, कल देखेंगे."
गाणं पुढच्या गल्लीत वळलं.
तो पाकीट घेऊन वर आला, धुतलं, खिडकीत ठेवलं.
तिथं आता पाच झालीत, ओळीनं, उन्हात.
फॉर्म उडू नये म्हणून
मी एक उचलून त्याच्यावर ठेवलं.
त्यानं ते काढून
पुन्हा ओळीत लावलं.