तळाला एक भोक

लाइटबिलाच्या पाठीवर काढून नेली होती सायकल.
रणपिसे मिस्त्री चष्मा वर करून म्हणाले,
चाकं तेवढी गोल आलीयत बाई,
बाकीचं मी बघतो.

नाना पेठेत त्यांच्या दुकानाला पाटी नाही.
बोळात शिरायचं, पितळेचा डाख नाकाला लागला
की थांबायचं.

मी पेट्या दुरुस्त करते, हार्मोनियम.
पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, सूर गंजतात,
आणि झाडून सगळी भजनी मंडळं
नेमकी श्रावणात जागी होतात.
माझं काम ओल्या दिवसांचं,
पाठीवरच्या डब्यातल्या सुरांना मात्र
एक थेंब चालत नाही.

म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या:
मडगार्ड लांब, खाली जुन्या ट्यूबची शेपटी.
साखळी पूर्ण झाकलेली, माझ्या आत्यासारखी, कानापर्यंत.
टायर रुंद, कारण मेट्रोवाल्यांनी खड्ड्यांवर टाकलेले पत्रे
भिजले की साबण.
आणि ब्रेक रिमवर नकोत.
गेल्या वर्षी पौड फाट्याचा पूल उतरताना
रबर नुसतं कुरवाळत राहिलं रिमला;
मी थांबले ती कणसाच्या गाडीला.
(कणीस घ्यावं लागलं. दोन.)

मिस्त्रींनी सुनेला हाक मारली.
शुलमिथनं मला दाराशी उभं केलं,
हिशेबाची वही धरून पायाचं माप घेतलं,
भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली.
त्रेपन्नाव्या वर्षी माझी उंची
पुन्हा कुणाच्या तरी भिंतीवर.

मग ते म्हणाले, तळाला एक भोक पाडणार,
पायडलच्या आसाखाली, तांदळाएवढं.

अहो, मी एवढे पैसे देतेय ते
पाणी आत जाऊ नये म्हणून!

जातंच, म्हणाले.
सीटच्या दांड्यातून जातं. काही नाही तर हवेतून जातं,
रात्री नळीला आतून घाम सुटतो.
कडेकोट बंद केलेल्या सायकली कापून बघितल्यात मी,
वर रंग आरशासारखा,
आत चहाची पूड.

मी गप्प बसले.
गिऱ्हाइकांना मीच सांगत असते,
रोज थोडी वाजवा,
खोळीत ठेवलेली पेटी आधी मरते.

रंग ठरला नाही.
शुलमिथ म्हणते पिवळा, टेम्पोवाल्याला दिसेल असा.
मला राखाडी हवा, चिखल दिसणार नाही असा.
मिस्त्री म्हणाले, रंग शेवटी.
आधी निम्मे.

परत निघाले जुन्याच सायकलवरून.
दांडेकर पुलापर्यंत भुरभुर होती, पुढे चांगलाच.
घरी येऊन खिशातून कागद काढला,
तर पुढचं चाक पसरत पसरत मागच्यात गेलेलं,
शेपटी नाहीशी,
भोक कुठलं आणि थेंब कुठला, कळत नव्हतं.

उलट बाजूला बिलाची रक्कम मात्र
आणि भरायची शेवटची तारीख
ठणठणीत.