कलम दोनशे एकोणसत्तर

माझं नाव मालसुन. म्हणजे, शेवटची मुलगी.
आता पुरे, असं बापानं
नावातूनच आभाळाला कळवलेलं.
आभाळानं माझ्या पाठीवर आणखी दोन पाठवल्या.

युद्ध थांबलं त्या वर्षी मी चालायला लागले
आणि त्याच वर्षी कायदा झाला:
गर्भ पाडणाऱ्या बाईला एक वर्ष कैद, नाहीतर दंड.
माणसं इतकी मेली होती
की देशाला प्रत्येक कूस मोजून हवी होती.

बाविसाव्या वर्षी मला सरकारी बसवर नोकरी लागली.
पांढरी बस, टपावर भोंगा,
भाताच्या खाचरांच्या कडेनं ओरडत जायची: दोनच पुरेत, दोनच.
मागे पडदा, पडद्याआड टेबल.
टेबलावर जे व्हायचं त्याला आम्ही
पाळी नियमित करणं म्हणायचो.
कायदा पुस्तकात होता, पुस्तक कपाटात,
आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे
तेच सरकार बसमध्ये डिझेल भरत होतं.

पाच अपवाद होते. आणि नवऱ्याचा शिक्का.
एकीनं तो खोडरबरावर कोरून आणला.
उलटा कोरायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
कागदावर नवरा आरशातल्यासारखा उमटला.
मी कागद फायलीत लावला
आणि जाताना तिच्या पिशवीत
वाळलेल्या शेवाळाची जुडी सरकवली.
बाळंतिणीला त्याचं सूप देतात आमच्याकडे.
हिला कोण देणार होतं?

पुढे देगूमधलं खाजगी हॉस्पिटल.
घोड्याचं वर्ष होतं ते, पांढऱ्या घोड्याचं;
त्या साली जन्मलेली मुलगी घर बुडवते म्हणे.
सांगायला बंदी होती, म्हणून डॉक्टर पडद्याकडे बघत
एवढंच म्हणायचे, आईच्या वळणावर गेलंय.
सासवांना तेवढं पुरायचं.
आणि मालसुन नावाची बाई
तासातासाला हात धुवायची.
हे कुठल्याच सुनावणीत कुणी मला विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, माहीत नाही.

मग पाळणे रिकामे पडले
आणि कुणालातरी किल्ली आठवली.
डॉक्टरांनी डॉक्टरांच्या तक्रारी केल्या.
माझी भाची सोल्ही. तिला सोडून गेलेल्या पोरानं
पैसे नाहीतर पोलीस, असा निरोप धाडला.
पोराला कलमाचा आकडा तोंडपाठ होता.
गाडीवर मी बारा वर्षं काढली, मला नव्हता.

कोर्टात एकदा चार विरुद्ध चार झाले.
सहा लागतात. कायदा वाचला.
सात वर्षांनी नऊ जणांत सात उभे राहिले,
तरी लगेच नाही; संसदेला मुदत दिली,
पुढच्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत.
संसदेनं ते वर्ष घसा खाकरण्यात घालवलं.

एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता
अडुसष्टाव्या वर्षी कायदा गेला, माझ्याच वयाचा जवळजवळ.
कुणी मारला नाही तसा. तारीख उलटली.
त्याच्या जागी काय, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.
सोल्ही फोनवर रडली की हसली, रेंज नीट नव्हती.
येते म्हणाली, सकाळच्या गाडीनं.

मी शेवाळ भिजत घातलं.
मूठभरच घेतलं होतं.
पाण्यात ते किती फुगतं, याचा अंदाज
मला अजून येत नाही.
परात भरली, मग बादली काढली.