सहावी जागा

मे महिन्यात प्रॅक्टिकल ठेवू नये, असं मी दरवर्षी लिहून देतो.
दरवर्षी ठेवतात.
बाहेर शेहेचाळीस, कूलरची टाकी कोरडी,
आणि मला बोलायचं असतं पाण्यावर :
दोन हात पसरलेला रेणू, थोडा वाकडा,
त्या वाकडेपणावर सगळं जगणं उभं.
मागच्या बाकावरून कुणीतरी, "सर, काहून वाकडा?"
उत्तर मला येतं. तरी दरवेळी अर्धंच देतो.

मग बर्डीवरून आणलेले पोहे, बिनतर्रीचे.
आयोडीनचा एक थेंब, निळेकाळे.
संत्र्याचा रस बेनेडिक्टमध्ये उकळला की
निळ्याचं हिरवं, हिरव्याचं विटकरी.
अंड्याच्या पांढऱ्यावर जांभळा चढतो
तेव्हा पोट्टे टाळ्या वाजवतात.
रंग दिसला म्हणजे कळलं, असं त्यांना वाटतं.
मलाही वीस वर्षं तेच वाटून राहिलं.

आम्रपाली रंगारीच्या पिशवीत दोन बाटल्या असतात.
एक तिची, दुसरी सुमेधची.
घरी टिनाखाली तापतं म्हणून हा भाऊ
सुट्टीभर आमच्या व्हरांड्यात बसतो.
वीस अमिनो आम्लं पाठ करा म्हटलं
तर सगळ्यांनी ग्लायसिनपासून सुरुवात केली,
तिनं व्हॅलिनपासून.
मी कारण विचारलं नाही.
काही घरांत दवाखान्याचं कार्ड आधी येतं,
पुस्तक नंतर.

एकशे सेहेचाळीस मण्यांची माळ.
सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, पाण्याशी बोलणारं.
तिथे व्हॅलिन येऊन बसतं, पाण्याकडे पाठ करून.
रक्त लिहिताना एक वेलांटी जास्त पडावी
आणि शब्द रिक्त व्हावा,
एवढंच.
ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना धरतात,
त्यांच्या दोऱ्या होतात, पेशी ताणून विळा होते,
आणि गुडघ्यातल्या, पाठीतल्या
केसाएवढ्या गल्लीत सगळं अडतं.
फळ्यावर काढलं मी हे.
खिडकीच्या गजांतून सुमेध म्हणाला,
"माझ्यातलं असं दिसते?"
इतका रंग नसतो, मी म्हणालो.
खडू लाल होता, म्हणून.

शेवटची नळी.
मागे कागदावर आडव्या काळ्या रेघा.
रक्त साधं असेल तर नळीतून रेघा दिसतात,
नसेल तर गढुळात बुडतात.
नमुने मेडिकलमधून येतात, बिननावाचे.
स्वतःचं बोट टोचायचं नाही, असा नियम आहे.
मी पिपेट मोजत होतो.

"सर, रेघा नाही दिसून राहिल्या."

चष्मा लाव, कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं.
तिच्या बोटावरचा कापूस दिसला, मग थांबलं.

मी माझं पाठ केलेलं बोललो :
अर्धं की पूर्ण, ते या नळीला कळत नाही,
विजेच्या पट्टीवर तपासावं लागतं,
तिथे एक पट्टा मागे रेंगाळतो,
आणि अर्धं म्हणजे आजार नव्हे...
"माहीत आहे, सर.
आईचं अर्धं अन् बाबांचं अर्धं, तेव्हाच तर तो तसा झाला.
मले फक्त पाहायचं होतं, माझ्या वाट्याला काय आलं."

नळी तिनं स्वतःच धुतली. बराच वेळ.

मग बाहेर जाऊन भावाला बाटली दिली, पी म्हणाली.
तो पिता पिता माझ्याकडे पाहत होता.
"पाणी वाकडं काहून असते, ते तुम्ही सांगितलंच नाही."

या वेळी पूर्ण सांगितलं :
वरच्या अंगाला इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या असतात,
कुणाशीच न जोडलेल्या.
त्यांनाही जागा लागते.
त्या रेटतात, म्हणून हात खाली झुकतात.

"अन् सरळ असतं तर?"

तर तुझ्या बाटलीत पाणी नसतं, मी म्हणालो,
कधीच उडून गेलं असतं.

त्यानं बाटली उजेडात धरून पाहिली,
आणि झाकण घट्ट लावलं.