झाकण थंड होईस्तोवर

होटगी रोडला सिमेंटच्या ट्रकमागं तीन किलोमीटर,
आणि मीटरवर लाल दिवा लागला.
ढकलत आणली आसरा चौकापर्यंत.
दुपारचे दोन. चव्वेचाळीस, असं उद्या पेपरात येईल;
पत्र्याखाली किती, ते कोण मोजतंय.

राजेशम यन्नम मान पुसत बाहेर आला.
मी झाकणाकडं वाकलो तर ओरडलाच,
‘हात लावू नको बे!
आत पाणी दबा धरून बसलंय.
तू फिरवशील, ते तोंडावर येईल.
बस. तासभर बस.’

बसलो.
त्यानं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत
चकाकती, ताणलेली कातडी.
शिकाऊ होतो तेव्हाचं, म्हणाला,
घाई माझी नव्हती, गिऱ्हाइकाची होती.
त्याच्याही आधी गिरणीत होता,
हवेत पाण्याचं धुकं सोडायच्या कामावर.
‘सूत कोरडं पडलं की तुटतंय.
माणूस कोरडा पडला तर
बदली कामगार मिळतोय की.’
हसला. मी हसावं की नाही, कळलं नाही.

तासानं झाकणावर पाण्याचे दोन थेंब टाकले.
चुर्र झालं नाही.
फडकं चौपदरी घालून पाव वळसा.
थांबला. फुस्स ऐकून घेतलं.
मग उरलेला.

आतून नखानं पांढरं खरवडलं:
‘बोअरचं पाणी घातलंय कुणीतरी.’
कुणीतरी म्हणजे मीच.
मार्चपासून, तांब्या-तांब्यानं.
तसले पांढरे खडे मी आधी पाहिलेत.
आईच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी
इवल्याशा बाटलीत घालून दिले होते,
अजून कपाटात आहेत, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

खालचा बोल्ट सैल केला.
हिरवं यायला हवं ते शिळ्या चहासारखं आलं,
तळाला विटकर.
घमेल्यावर लगेच त्यानं पत्रा झाकला.
‘गोड असतंय हे. मागच्या साली मांजर चाटून गेलं.’
पुढं काही बोलला नाही,
वॉशर शोधत राहिला बराच वेळ.

मग रेडिएटर मांडीवर.
पात्या खडीनं वाकलेल्या,
त्यात पाखरांचे पंख, होटगी रोडची सगळी धूळ.
‘ही फणीच हाय मागाची,’ म्हणाला,
‘दात वाकला की संपलं. तिथं धागा अडतोय, इथं वारा.’
तेलुगूत हाक मारली आत.
नागमणीबाई सूत भरायची आकडी घेऊन आल्या,
लाकडी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजलेली,
आणि नवऱ्याला न देता स्वतःच बसल्या,
चष्मा कपाळावरून खाली ओढून.
एकेक पाती उभी.
मोजत नसाव्यात, पण ओठ हलत होते.

बॅटरीवाल्याकडनं मी शुद्ध पाण्याचा कॅन आणला.
अर्धं हिरवं, अर्धं पाणी, फनेलातून बारीक धारेनं.
त्यानं नळी दाबली, सोडली, दाबली,
बुडबुडे आले.
गाडी डावीकडं कलवली, आणखी आले.
‘हवा राहिली आत तर पाणी असून उपेग नाय.
काटा गार सांगतोय, डोकं जळतंय.’
कॅनातला एक थेंब जिभेला लावून बघितला.
‘चव नाय. कायच नाय त्यात.
मशीनलाच चालतंय असलं.’

गाडी चालू केली. तिघंही गप्प.
काटा चढत गेला, चढत गेला,
आणि पंखा फिरला.
आधीच भाजलेल्या नडग्यांवर आणखी गरम वारा,
इतका बरा कधी वाटला नव्हता.
‘बाटलीवरच्या दोन रेघांच्या मधी पायजे. सकाळी बघ.
गार असताना.’
गार असताना, परत म्हणाला.

रात्री अडीचला नळ आला, पाचव्या दिवशी.
आई उठायला लागली. झोप, म्हटलं, भरतो मी.
हंडा भरेस्तोवर उकिडवा बसलो.
हंड्याच्या गळ्याला आतून पांढरी कडा होती.
नखानं खरवडून बघितली.