शंभरातल्या सात

शरणव्वानं मला आधी
भाकरी थापायला नाही, मोजायला शिकवलं.
"शंभर कडक केल्या की सात तुटतात.
त्या सात भावात धर,
नाहीतर तुझ्या पोटातनं जातील बग."

बाळ्यातलं तिचं दुकान दहा बाय बारा.
भिंतीला एक खिळा, खिळ्याला दोन वह्या,
एक धंद्याची, एक घराची.
पोराच्या फीलासुद्धा गल्ल्यात हात नाही.
एक तारखेला स्वतःचाच पगार घ्यायची,
सही करून.

पुण्याच्या मॉलचा माणूस आला एकदा.
महिन्याला पाच हजार पाकिटं,
पैसे नव्वद दिवसांनी.
मी मनातल्या मनात टेम्पो घेतलासुद्धा.
तिनं त्याला चहा पाजला,
शेंगाचटणी बांधून दिली,
म्हणाली, "पाचशे नेता का? रोखीनं?"
तो गेला.
मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

आता माझं दुकान विजापूर वेशीत.
तवे चार, बायका सहा.
काल एकजण आला,
नव्वद दिवसच म्हणाला.
मी चहा टाकला.

आणि त्या सात
चुरून, तिखट-तेल लावून
दहा रुपयांच्या पुडीत भरते.
हे मात्र तिनं
शिकवलं नव्हतं.